चारशे श्रोते आणि पहिलं बिल: मराठी पॉडकास्टमधून कमाई उभी करताना

माझा पॉडकास्ट सोसायट्यांच्या कारभारावर आहे. गळक्या गच्च्या, थकलेला मेन्टेनन्स, रखडलेलं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेणं), पार्किंगवरून होणारी भांडणं. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी, खिडकीला गोधडी लावून आणि कपड्यांचं कपाट उघडं ठेवून तो रेकॉर्ड होतो. माझी मैत्रीण नेरुळहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते आणि एका दुपारी आम्ही दोघी दोन भाग उरकतो. पहिलं बिल पाठवलं तेव्हा एका भागाला जेमतेम चारशे श्रोते होते. एवढ्याशा आकड्याला जाहिरात एजन्सी दारातही उभं करत नाही. आमच्या प्रायोजकाने मात्र सहा भाग घेतले, कारण त्या चारशेंत बरेचसे सेक्रेटरी, चेअरमन आणि खजिनदार होते. वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या माणसाला वर्षभर ज्यांच्या मागे फिरावं लागतं, ते नेमके हेच.

मराठीत पॉडकास्ट करणारे ओळखीचे लोक भेटतात तेव्हा बरेच जण लाखभर व्ह्यूजची वाट पाहत बसलेले दिसतात. तोवर खिशातून खर्च चालू राहतो आणि विसाव्या भागाच्या आसपास उत्साह संपतो. म्हणून हे लिहायला घेतलं. पुढचं सगळं लहान, एका विषयाला धरून चाललेल्या पॉडकास्टसाठी आहे.

पायरी १: श्रोता कशावर पैसे खर्च करतो, ते लिहून काढा

विषय निवडताना आपण आपल्या आवडीचा विचार करतो, आणि तो करायलाच हवा, नाहीतर पन्नास भाग होत नाहीत. पण कमाईचा विचार सुरू झाला की एक कागद घ्या आणि तुमचा श्रोता वर्षभरात त्या विषयापायी कुठे कुठे पैसे मोजतो ते लिहा. सोसायटीच्या सेक्रेटरीची यादी आम्ही केली तेव्हा ती पानभर झाली: लिफ्टची देखभाल, पाण्याच्या टाक्यांची सफाई, वैधानिक लेखापरीक्षण, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही, रंगकाम, स्ट्रक्चरल ऑडिट, वकील. यातलं प्रत्येक नाव म्हणजे एक संभाव्य प्रायोजक.

दुसरे विषय घेऊन पाहा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेची मान्यता, मिळाला. ऐरोली, वाशी, नेरुळच्या बाजूला पक्षी पाहायला जाणारे आता पुष्कळ आहेत. पक्षीनिरीक्षणावरच्या पॉडकास्टचा श्रोता दुर्बिणीवर, कॅमेऱ्याच्या लेन्सवर आणि जाणकारासोबतच्या फेरीवर पैसे घालतो. दहावीच्या पालकांसाठी कार्यक्रम करत असाल तर क्लासेस, वाचनालयं, समुपदेशक. आगरी-कोळी जेवणावर करत असाल तर मसाले, सुकी मासळी, घरगुती केटरिंग. तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातल्या भावांवर बोलत असाल तर वाहतूकदार आणि शीतगृहवाले.

कागदावर तीनच नावं आली तर विषय सोडू नका, थोडा अरुंद करा. ‘आरोग्य’ या विषयाला सगळे श्रोते आणि प्रायोजक कोणीच नाही, असं होतं. ‘घरातल्या वृद्धांची काळजी’ म्हटलं की नर्सिंग ब्युरो, फिजिओथेरपिस्ट, भाड्याने खाट आणि व्हीलचेअर देणारे असे सगळे डोळ्यांसमोर येतात.

पायरी २: आकडे जमवा, पण स्वतःच्या कामाचे

होस्टिंगच्या, म्हणजे भाग जिथे साठवून सगळ्या ॲप्सवर पोचवले जातात त्या सेवेच्या, डॅशबोर्डवर ‘एकूण डाउनलोड’ हा आकडा सगळ्यात मोठा दिसतो आणि सगळ्यात कमी उपयोगी असतो, कारण दोन वर्षांपूर्वीचे भागही त्यात मिसळलेले असतात. प्रायोजकाला सांगायचा आकडा म्हणजे नवा भाग आल्यापासून सात दिवसांत आणि तीस दिवसांत तो कितींनी घेतला. शेवटच्या सहा भागांची सरासरी काढा. त्याच्या शेजारी श्रोते कितव्या मिनिटाला सोडून जातात ते लिहा. जाहिरात त्याआधी यायला हवी.

याहून मोलाची माहिती कुठलंच ॲप देत नाही, ती विचारूनच मिळते. आम्ही एका भागाच्या शेवटी गूगल फॉर्मवर तीन प्रश्न विचारले: तुमची इमारत किती वर्षांची, फ्लॅट किती, पिनकोड कोणता. चौथा प्रश्न ऐच्छिक ठेवला: तुम्ही समितीवर आहात का? नव्वदच्या आसपास उत्तरं आली. कळलं की बरेचसे श्रोते घोडबंदर रोड, कोपरी आणि वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांतले आहेत आणि अर्ध्याहून अधिक इमारती पंचवीस वर्षांच्या पुढच्या आहेत. वॉटरप्रूफिंगवाल्यासमोर तो एकच कागद ठेवला. लाखांचे आकडे दाखवून एवढं काम झालं नसतं.

श्रोत्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आले, तर ते मात्र कोणत्याही प्रायोजकाला द्यायचे नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि तो नसता तरी ज्यांनी विश्वासाने नंबर दिला त्यांना सकाळी नऊ वाजता विक्रीचा फोन जाणं मला सहन होणार नाही. प्रायोजकाला एकत्रित चित्र द्या, माणसं देऊ नका.

श्रोत्यांपर्यंत पोचायची एक वाट स्वतःच्या हातात ठेवा. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं आणि ज्यांचे श्रोते तिथेच होते त्यांना ते पुन्हा गोळा करावे लागले. व्हॉट्सॲप चॅनल, ईमेल यादी, काहीही चालेल, पण पहिल्या भागापासून सुरू करा.

पायरी ३: यूट्यूबचं गणित एकदा मांडा आणि पुढे चला

यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं लागतं (शॉर्ट्सच्या वाटेने ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). त्याआधीची एक पायरी ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि ३,००० तासांवर आहे. तिथे जाहिरातीचे पैसे नसतात, पण सभासदत्व आणि सुपर थँक्स (प्रेक्षकाने खुशीने दिलेले पैसे) सुरू करता येतात.

४,००० तास ऐकून धडकी भरते. प्रत्यक्षात ती २,४०,००० मिनिटं. एक श्रोता सरासरी १२ मिनिटं थांबला तर वर्षाला २०,००० व्ह्यूज लागतात, म्हणजे दर आठवड्याच्या भागाला ३८५. लांब गप्पा करणाऱ्याला हे जमण्यासारखं आहे. अडचण पुढची आहे. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुमचा असला, तरी वर्षाच्या वीस हजार व्ह्यूजचा वाटा माइकच्या हप्त्यालाही पुरणार नाही. म्हणून पॉडकास्ट यूट्यूबवर जरूर टाका, प्लेलिस्टला ‘पॉडकास्ट’ अशी खूण करा म्हणजे तो यूट्यूब म्युझिकमध्येही दिसतो, आणि तिथून नवे श्रोते येऊ द्या. घरखर्चाचा हिशेब त्यावर बांधू नका.

पात्र झालात की ॲडसेन्सचं, म्हणजे गूगल ज्यातून कमाई देतं ते, खातं लागतं. कमाई १० डॉलरवर गेली की पत्त्याची खात्री करायला पोस्टाने पिन येतो, तेव्हा पत्ता सोसायटीचं नाव, विंग आणि फ्लॅट नंबरासकट नीट भरा. पैसे १०० डॉलर जमल्यावरच सुटतात. कराचा फॉर्म भरायला विसरू नका: अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर तिथे कर कापला जातो, आणि भारतीय म्हणून भारत-अमेरिका कर-करारातला सवलतीचा दर हवा असेल तर पॅनसह तो फॉर्म द्यावा लागतो. न्यू जर्सीतले मराठी श्रोते असणाऱ्यांना याचा फरक पडतो.

ॲपलचं सशुल्क सदस्यत्वही आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन असल्याने त्यावर मी वेळ घालवला नाही.

पायरी ४: स्थानिक प्रायोजक

खरी कमाई इथे आहे आणि खरी मेहनतही इथेच आहे.

दर ठरवण्यापासून सुरुवात करू. जाहिरातीच्या जगात दर हजार श्रोत्यांमागे सांगतात. समजा हजाराला ५०० रुपये धरले, तर चारशे श्रोत्यांचे २०० रुपये झाले. या हिशेबाने लहान पॉडकास्ट कधीच उभा राहणार नाही, म्हणून त्या भाषेत बोलूच नका. प्रायोजकाचं गणित धरा. समजा गच्चीच्या एका कामाचे सहा लाख होतात आणि त्यात त्याला साठ हजार सुटतात. सहा भागांचे २४,००० रुपये मागितले, तर त्यातून एक काम मिळालं तरी त्याचे पैसे वसूल होऊन वर छत्तीस हजार उरतात. ही आकडेमोड त्याच्यासमोर कागदावर करा. मी तेच केलं, आणि भावाची घासाघीस फार झाली नाही.

एक भाग विकू नका, मालिका विका. एकदाच ऐकलेलं नाव कोणी लक्षात ठेवत नाही, आणि फोन आला नाही की प्रायोजक तुम्हालाच दोष देतो. सहा भागांत नाव कानावर बसतं. आमच्याकडे फोन चौथ्या भागापासून यायला लागले.

आता भेटीचं. ईमेलने काही होत नाही. वागळे इस्टेटमधलं ऑफिस असो की वाशीतलं दुकान, सकाळी अकराच्या सुमाराला, गर्दी व्हायच्या आत जा. सोबत एकच पान न्या: पॉडकास्ट कशाबद्दल आहे ते दोन ओळींत, श्रोते कोण, सहा भागांची सरासरी, मालिकेची किंमत आणि तुमचा नंबर. पॉडकास्ट म्हणजे काय हे बऱ्याच दुकानदारांना समजावून सांगावं लागतं. माझं वाक्य असं: “काका, रेडिओवरच्या कार्यक्रमासारखंच आहे, पण तो फक्त सोसायटीच्या कमिटीवाल्यांचा आहे.” मग फोन काढून त्यांच्या धंद्याशी संबंधित दोन मिनिटं ऐकवायची. कुठली दोन मिनिटं, ते घरून ठरवून जा. दहा ठिकाणी गेलात तर दोघं-तिघं पुन्हा बोलावतात. नकार देणाऱ्यालाही भाग पाठवत राहा. आमचा दुसरा प्रायोजक सात महिन्यांपूर्वी “नंतर बघू” म्हणालेला माणूस आहे.

जाहिरात स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत वाचा. तयार जिंगल आली की श्रोता पुढे ढकलतो. साठ-सत्तर सेकंद पुरे, भागाच्या पहिल्या एक तृतीयांशात, एखादा प्रश्न संपल्यावर. त्यात एकच काम सांगा. आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्यासाठी ओळ होती: “फोन करून ‘गच्ची’ एवढा शब्द सांगा, पावसाळ्याआधी मोफत पाहणी होईल.” तो शब्द दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीत नव्हता, त्यामुळे कुठला फोन आमच्याकडून आला ते त्याला मोजता आलं. दर दोन भागांनी मी त्याला विचारून आकडा लिहून ठेवत होते. पुढच्या वर्षीचा दर त्या वहीवरच वाढला.

एक चूक मनापासून सांगते, कारण ती टाळता येते. सुरुवातीच्या एका प्रायोजकाशी मी सगळं तोंडी ठरवलं. तिसऱ्या भागानंतर आम्ही कंत्राटदारांच्या निकृष्ट कामाबद्दल आणि सोसायटीने वॉरंटी लेखी कशी घ्यावी याबद्दल एक भाग केला. त्याला तो स्वतःवरचा रोख वाटला. भाग काढून टाका म्हणाला, मी नाही म्हटलं, आणि उरलेले पैसे यायला पाच महिने लागले. आता दोन पानी करार असतो. त्यात मालिका किती भागांची, जाहिरात कुठे येणार, अर्धे पैसे आगाऊ आणि अर्धे तिसऱ्या भागानंतर, मालिका संपल्यावर त्या भागांमधली जाहिरात कायम राहणार की काढणार, आणि सगळ्यात वर हे वाक्य: कार्यक्रमातला विषय, पाहुणे आणि मतं यांवर प्रायोजकाचा अधिकार नाही. त्यावर सही करायला जो कचरतो, त्याच्याशी पुढे बोलणं थांबवते.

पाहुण्याची खुर्चीही विकू नका. “जाहिरात नको, मला मुलाखतीला बोलवा, तेवढेच पैसे देतो,” असं हमखास ऐकायला मिळतं. पैसे घेऊन मुलाखत केलीत तर ती जाहिरात आहे, आणि तसं स्पष्ट सांगावं लागेल. आम्ही पुनर्विकास करणाऱ्या बिल्डरांकडून पैसे घेतच नाही. सर्वात मोठी रक्कम तेच देऊ करतात, पण आमचा श्रोता आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय बिल्डर निवडताना घेतो, आणि त्या वेळी आमच्या तोंडून आलेलं नाव विकत घेतलेलं असू नये.

पायरी ५: जाहिरात आहे हे मोठ्याने सांगा

ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची इन्फ्लुएन्सरसाठीची नियमावली २०२१ पासून आहे, आणि ऐकायच्या माध्यमाबद्दल ती स्पष्ट बोलते: जाहिरात असल्याची सूचना सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी व नंतर द्यायची. वर्णनात बारीक अक्षरांत लिहून भागत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिळालेली वस्तू किंवा सेवा हाही मोबदलाच. “हा भाग अमुक यांच्या आर्थिक सहकार्याने” हे वाक्य आम्ही अडखळत न म्हणता ठणठणीत म्हणतो, आणि आजवर एकाही श्रोत्याने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. शेअर बाजारावर बोलणाऱ्यांनी तर आणखी जपावं: सेबीची नोंदणी नसताना कोणता शेअर घ्या हे सांगता येत नाही, प्रायोजक असो वा नसो.

पायरी ६: श्रोत्यांकडून थेट

दरमहा ५० किंवा ९९ रुपयांचं सभासदत्व ऐकायला सोपं वाटतं. यूट्यूब त्यातले ७० टक्के तुम्हाला देतं. पेमेंट गेटवेचं पान स्वतः केलंत तर साधारण दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी जातो. पण सभासदाला दर महिन्याला काहीतरी वेगळं द्यावं लागतं, आणि दोघींच्या टीमला ते झेपत नाही. आम्ही चार महिन्यांत बंद केलं.

कार्यशाळा मात्र चालली. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी, त्यामुळे ऑगस्टमध्ये सेक्रेटरी मंडळींची झोप उडालेली असते. एका सोसायटीचं क्लब हाऊस रविवारी तीन तासांसाठी घेतलं, ५०० रुपये तिकीट, तीस खुर्च्या. सूचनेचा मसुदा, इतिवृत्ताचा नमुना, हिशेबाची तपासयादी यांच्या झेरॉक्स दिल्या, एका लेखापरीक्षकांना बोलावलं. हॉल, चहा-वडे, झेरॉक्स आणि मानधन जाऊन निम्मे पैसे उरले. श्रोता पॉडकास्टला पैसे देत नाही, पण त्याच विषयातली त्याची अडचण एका दुपारी सुटणार असेल तर आनंदाने देतो. तुमच्या विषयातला असा ऑगस्ट कोणता, ते शोधा. दहावीच्या पालकांसाठी तो निकालानंतरचा आठवडा असेल, फ्लेमिंगोवाल्यांसाठी हिवाळा.

दुसऱ्यांसाठी पॉडकास्ट करून देणं ही शेजारची वाट. महापे-ऐरोलीतल्या कंपन्या, ठाण्यातले डॉक्टर, सीए यांना मराठीत बोलायचं असतं, पण संपादन जमत नाही. भागाप्रमाणे दर लावा आणि दुरुस्त्या दोनच फेऱ्यांत, हे आधी ठरवा.

पायरी ७: गाणी, कथा आणि परवानग्या

‘दहा सेकंद गाणं चालतं’ ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्याचा हक्क असलेलं संगीत कितीही छोटं असलं तरी दावा येऊ शकतो आणि त्या भागाची कमाई दुसऱ्याकडे जाते. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं घ्या किंवा एखाद्या वादकाकडून पैसे देऊन लेखी हक्कासह करून घ्या. कथावाचन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. ज्यांच्या नावाचं रंगायतन ठाण्यात तलावपाळीला आहे ते राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं लेखन वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. अलीकडच्या लेखकांसाठी प्रकाशकाला पत्र लिहा. पाहुण्यांकडून रेकॉर्डिंगच्या दिवशीच दोन ओळींची संमती घ्या. भाग गाजल्यावर ती मागणं अवघड जातं.

पायरी ८: हिशेब

पॉडकास्टसाठी वेगळं बँक खातं उघडा, पहिल्या रुपयापासून. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन आणि ‘अमुक सहा भागांचं प्रायोजकत्व’ असं स्पष्ट लिहा. कंपनी पैसे देताना टीडीएस (तुमच्या आयकराचा आगाऊ हिस्सा) कापते. ते काम जाहिरातीचं कंत्राट धरलं तर व्यक्तीला १ टक्का, व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के, म्हणून करार करतानाच त्यांच्या अकाउंट्सला विचारा. कापलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते का, ते तिमाहीला पाहा. वर्षभरात एकाच कंपनीकडून २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या भेटवस्तू आल्या तर त्यावरही १० टक्के टीडीएस लागतो.

सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. गूगलकडून येणारे पैसे परदेशी दिलेल्या सेवेचे धरले जातात आणि त्यावर कर शून्य ठेवता येतो, पण त्या वीस लाखांच्या मोजणीत ते येतात. इथपर्यंत पोचलात की सीएला फी द्या, ती वसूल होते.

माइक, होस्टिंग, प्रवास, हॉल, चहा यांच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. आम्ही नेरुळ-ठाणे पासचीही ठेवतो.

कधी विकायला जायचं

प्रत्येक धंद्याचं वर्ष वेगळं असतं आणि तुमचं मालिकेचं वेळापत्रक त्याला जुळलं पाहिजे. लेखापरीक्षक आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडे आम्ही जूनमध्ये जातो, म्हणजे त्यांची जाहिरात सभांच्या हंगामात वाजते. रंगकामवाल्यांकडे गणपतीच्या आधी, कारण दिवाळीनंतरची कामं तेव्हा ठरतात. वॉटरप्रूफिंगवाल्याकडे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या वेळी तो मोकळा असतो, सोसायट्यांची कोटेशनं मार्चमध्ये मागवली जातात आणि काम मे महिना संपायच्या आत व्हायला हवं असतं. एका वर्षी आम्ही जून उजाडल्यावर गेलो होतो. पाऊस सुरू झालेला, त्याचे दोन्ही फोन सतत वाजत होते आणि आमचं पान त्याच्या टेबलावर तसंच राहिलं.